मंदाची म्हातारी

मंदा परब कुठलीही वस्तू कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. फेकायची. दोऱ्याचं रीळ, खडू, किल्ल्यांचा जुडगा, डब्यातली केळी, सगळं हवेतून यायचं. आणि "धर गो!" ही आरोळी वस्तू हातातून सुटल्यावर यायची, आधी नाही. त्यामुळे आमच्या केंद्रातल्या प्रत्येकाला एक डोळा तिच्यावर ठेवून काम करायची सवय लागली होती. आमचे प्रमुख पेडणेकर सर एरवी खुर्चीतून उठायलासुद्धा वेळ घेणारे गृहस्थ. त्यांनी एकदा बोलता बोलता डाव्या हाताने तिचं लिंबू झेललं, तर दिवसभर ते प्रत्येकाला ती गोष्ट सांगत होते.

माझ्याकडे तिने पहिल्याच दिवशी पेरू फेकला होता. मी रंग कालवत बसले होते. मला झेलता आला नाही. पेरू सरळ पिवळ्या रंगाच्या वाटीत पडला आणि माझ्या साडीवर, भिंतीवर, समोरच्या ओळीत वाळत घातलेल्या लाकडी आंब्यांवर शिंतोडे उडाले. मी काही बोलायच्या आत ती पुढे आली, वाटीत डोकावली आणि म्हणाली, "बघ, पिकलो!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाऊन साडी धुताना मला जे वाटलं, त्याला तेव्हा नाव देता आलं नाही. पुढे आठ-नऊ वर्षं तीच भावना रोज माझ्याबरोबर केंद्रात यायची आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जायची. मला मंदाचा मत्सर वाटायचा. ती मला आवडत नसती तर सोपं होतं. ती आवडायची, तिथेच सगळी पंचाईत होती.

सावंतवाडीत तळ्याजवळच्या एका कौलारू इमारतीत लाकडी खेळण्यांचं छोटं प्रशिक्षण केंद्र होतं. मी तिथे रंगकाम शिकवायची. माझं शिक्षण कोल्हापुरात झालेलं, हात स्वच्छ, रेषा सरळ. बारीक कुंचल्याने मोराच्या पिसाचा डोळा काढावा तर शालिनीबाईंनी, असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. मंदा कापडकाम शिकवायची, म्हणजे बाहुल्यांचे कपडे, झालरी, उशा. ती आचऱ्याची. आठवडाभर वाडीत एका मावशीकडे राहायची आणि सुट्टीला घरी जायची. उंच, हाडापेरानं मोठी, चालताना वहाणा फटफट वाजायच्या. तिचं शिवण ठीक होतं, फार बारीक नव्हे. टाके उसवले तर म्हणायची, "हवा जावक नको बाहुलीक?"

तिला गप्प बसून काम करता यायचं नाही. जे करायची ते सगळ्यांना विचारत करायची. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून विचारायची, "ओ काका, हो पिवळो बरो की लाल?" मी सहा महिने एखादं नक्षीकाम कुणाला न दाखवता मनात घोळवणारी बाई. मला हे फार उथळ वाटायचं. मग तो रस्त्यावरचा काका दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून पिवळा लावला की लाल, हे बघायला यायचा. माझ्या खिडकीत कधी कोणी आलं नाही.

एका रविवारी ती गावाला गेली नाही म्हणून मी तिला जेवायला बोलावलं. घरात आई आणि मी दोघीच. बाबा गेल्यापासून आई कामापुरतंच बोलायची. तिचं हसणं तर मी विसरूनच गेले होते. मंदा आली ती थेट चुलीपाशी. आईच्या हातातली पळी घेतली, तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याची चव बघितली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काकी, ह्या चेडवाक तुम्ही असला खावक घालतास आणि तरी ता असा सुकलेला कसा?"

आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी पाटावर बसून बघत राहिले. मला आनंद झाला, हे खरं आहे. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी खरखरत होतं. मी इतकी वर्षं या बाईला हसवायला काय काय केलं नव्हतं? मंदा गेल्यावर आई भांडी आवरताना म्हणाली, "काय गोड चेडू आसा गो. तुका तसा मोकळ्यान बोलाक येणा नाय." तिने ते सहज म्हटलं. मी पुढचे दोन दिवस ते चघळत होते.

त्यानंतर मंदा जवळजवळ दर रविवारी यायची, मी बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी.

त्या सुमारास आमचा जिल्हा नवा झाला होता. नवी कार्यालयं, नव्या जीपगाड्या, नवे साहेब. त्यातले एक साहेब आमच्या केंद्रात आले, फळं, भाज्या, भोवरे, पाळणे सगळं बघितलं आणि पेडणेकर सरांना म्हणाले, "हे सगळं बाजारात मिळतं. तुमच्या केंद्राचं स्वतःचं असं काय आहे? पावसाळ्यानंतर मी परत येईन. एखादं नवं खेळणं दाखवा. चांगलं असेल तर मुंबईच्या प्रदर्शनात पाठवू. नाहीतर हे केंद्र चालवायचं कशासाठी, याचा विचार करावा लागेल."

साहेब गेल्यावर पेडणेकर सरांनी आम्हाला बोलावलं. बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली. सगळ्यांचीच वळली. नवं खेळणं करायचं तर मीच करणार, हे न बोलता ठरल्यासारखं होतं. मी त्याच दिवशी मोराला हात घातला. चाकांवरचा मोर. ओढला की पिसारा हळूहळू उघडणारा. विश्राम मेस्त्री आमचे लेथवाले, लाकूड कातणारे. त्यांच्याकडून मी एकेक पीस वेगळं कातून घेतलं. रंगवायला सगळा पावसाळा लागला.

मंदाने त्याच दुपारी एक हातरुमाल घेतला, चार कोपऱ्यांना दोरे बांधले, खाली भोवरा लटकवला, गोळा करून अंगणात वर फेकला. पोरंसोरं करतात तसंच. रुमाल अर्ध्यावर उघडला, गुरफटला आणि भोवरा दगडासारखा खाली आला. तिने तो उचलला आणि दारात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना सांगितलं, "माका असा खेळणा करूचा आसा. हातान वर फेकूचा. वर जाईपर्यंत गप मिटून रवाक होया. थंय पोचला की आपसूक उघडाक होया आणि अलगत खाली येवक होया. बस."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढाच," ती म्हणाली. माझा टोमणा तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

एवढंच जमत नव्हतं. कापड सैल ठेवलं तर हातातून सुटताच उघडायचं आणि खेळणं वर जायचंच नाही. घट्ट गुंडाळलं तर उघडायचंच नाही. मलमल पावसाळी हवेत ओलसर होऊन चिकटायची. छत्रीचं कापड जड पडायचं. शिवणाचा दोरा गुंतायचा. तिने मासे धरायच्या गरीला लावतात तो नायलॉनचा दोरा आणला, तो गुंतेना. आणि एका सोमवारी ती तिच्या एकुलत्या एका नायलॉनच्या साडीचे तुकडे घेऊन आली. गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती साडी तिला फार शोभायची. मला तशी हवी होती आणि मी कधी घेतली नव्हती.

"मंदा, साडी कापलंस?" मी ओरडलेच.

"हलकी आसा गो. फुंकर मारली तरी उडता," ती म्हणाली आणि एक तुकडा माझ्या तोंडावर फुंकला.

सगळा पावसाळा हे चाललं होतं. पाऊस थांबला की ती अंगणात. पाऊस असला की वर्गातल्या माळ्यावर चढून तिथून खाली सोडायची. मी कोपऱ्यात मोरावर वाकलेली. माझ्या कानावर सारखं "गेला!", "उघडला!", "मरांदे, गुतला!" यायचं आणि त्याबरोबर हसणं. तिच्या अपयशालासुद्धा गर्दी जमायची, हे मला कळतच नव्हतं. माझा मोर चुकत नव्हता. म्हणूनच कदाचित त्याच्याजवळ कोणी थांबत नव्हतं.

शेवटी तिने दोरे एका पोकळ लाकडी नळकांड्याला आतून बांधून कापड त्यातच कोंबायचं ठरवलं. वर झाकण हवं होतं. हाताशी काही नव्हतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत फोडलेल्या नारळाची करवंटी तिने वर पालथी टाकली. बांधली नाही, चिकटवली नाही. करवंटीच्या डोळ्यातून एक दोरा ओवून कापडाच्या मध्यावर टाचला आणि फेकलं.

करवंटी वर जाईपर्यंत हलली नाही. वर क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि खाली यायला लागताच करवंटी टपकन उडाली. तिच्यामागून गुलाबी कापड बाहेर आलं, फुगलं, आणि नळकांडं डुलत डुलत अंगणात उतरलं.

 पेडणेकर सर म्हणाले, "लागलं नशिबाने." मंदाने परत फेकलं. परत तसंच. तिसऱ्यांदा तसंच. ती जागच्या जागी उभी राहिली, ओठ हलवत. तिला इतका वेळ गप्प राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडे धावत आली आणि माझा रंगाचा हात धरला.

"शालू, वर जाताना वारो करवंटी दाबता. खाली येताना तोच वारो तिका उडयता. समाजला? तोच वारो गो!"

समजलं होतं. इतकं सोपं होतं की मला राग आला. मी अंगणात नळकांड्याकडे बघितलं. लाकडाचा ओबडधोबड तुकडा, डोक्यावर केसाळ करवंटी. मी कुंचला पुसत म्हटलं, "करवंटी कसली लावतंस? दिसता कसा ता! माशाची टोपली तरी कर. मासळीवाल्या म्हातारीच्या डोक्यार शोभात तरी."

मी ते तिला खिजवायला म्हटलं होतं. मंदाने माझा हात सोडला, दोन्ही गाल धरले आणि ओरडली, "मेस्त्रीनू! सरांनू! शालूची अक्कल बघा! नळकांडा म्हणजे म्हातारी आणि झाकण म्हणजे तिची टोपली!"

म्हातारी तयार झाली. विश्राम मेस्त्रींनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात ती कातली, पोटात पोकळ, डोक्यावर रुंद काठाची टोपली. पण ती हवेत कोलांट्या खायची. टोपली भलत्या वेळी पडायची. मेस्त्री दोन दिवस तिला हातात फिरवून बघत होते. मग म्हणाले, "बाये, हिचा बूड रुंद करूया. बॅडमिंटनचा फूल बघलंस मा? तसो घेर ठेवया. सरळ जातली." घेर ठेवला आणि म्हातारी सरळ जायला लागली.

आता तिला रंगवायची होती, म्हणजे माझ्याकडे आणायची होती. मी ती हातात घेतली आणि तो रुंद घेर बघून म्हटलं, "मासळीवालीक घागरो? मालवणात खंयची म्हातारी घागरो घालता?"

मंदाने डोकं खाजवलं. "घागरो नको. लुगडाच रंगव. वाऱ्यान फुगलेला. वादळात उभी आसा आणि हलणा नाय, असा काय तरी कर."

मी म्हातारी घरी नेली. खरं सांगायचं तर मी त्या आठवड्यात मोराला हात लावला नाही. हिरवं लुगडं, वाऱ्याने भरलेलं, एक निरी सुटून मागे उडालेली. कपाळावर मोठं कुंकू, तोंड घट्ट मिटलेलं, डोळे वाऱ्याविरुद्ध बारीक केलेले. मी आयुष्यात रंगवलेला तो सगळ्यात चांगला चेहरा असेल. रविवारी मंदाने ती आमच्या परसात फेकली. आई दारात बसून शेंगा सोलत होती. टोपली उडाली, गुलाबी ठिपक्यांचं कापड उघडलं आणि म्हातारी माडांच्या मधून तरंगत खाली यायला लागली.

"अगो, ही तर म्हातारी!" आई म्हणाली. रुईचं कापसासारखं बी वाऱ्यावर तरंगत येतं, त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. आई दोन्ही अर्थांनी म्हणाली होती. तेव्हापासून खेळण्याचं नाव तेच पडलं. मंदाची म्हातारी.

मंदा प्रत्येकाला सांगायची, "टोपली शालूची, बूड मेस्त्रीचा, रंग शालूचो." अगदी मोठ्याने सांगायची. ऐकणारे मान हलवायचे आणि म्हणायचे, "मंदाबाई, काय कमाल केलीत!" तिने माझं श्रेय लपवलं असतं तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

साहेब आले. तळ्याच्या काठावर टेबल मांडलं होतं. त्यावर मध्यभागी माझा मोर आणि बाजूला तीन म्हाताऱ्या. साहेबांनी मोराची दोरी ओढली. पिसारा उघडला. त्यांनी भुवया उंचावल्या. "सुंदर आहे. फार नाजूक काम आहे," ते म्हणाले. मग मोर परत ठेवला आणि रुमालाला हात पुसले. "आणि हे काय?"

मंदाने पहिली म्हातारी फेकली. ती पिंपळात जाऊन अडकली. साहेबांचे सहकारी हसले. दुसरी फेकली, ती झकास उघडली. तेवढ्यात वारा आला आणि तिला तळ्यात घेऊन गेला. गुलाबी कापड पाण्यावर पसरलं आणि म्हातारी हळूहळू बुडाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. पेडणेकर सरांचा चेहरा उतरला. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "तो मोर मला परत एकदा—"

मी मोर पुढे सरकवला.

"साहेब!" मंदा ओरडली. तिसरी म्हातारी आधीच हवेत होती. वर नव्हे, सरळ साहेबांच्या दिशेने. "धरा!"

त्यांनी झेलली. सगळे झेलायचे तसंच, विचार न करता. ते म्हातारीच्या तोंडाकडे बघायला लागले. मग हसले. मग त्यांनी कोट काढून ड्रायव्हरच्या हातात दिला, चार पावलं मागे गेले आणि जोर लावून म्हातारी वर फेकली. ती गेली ती गेलीच. टोपली उडाली. कापड फुगलं. साहेब मान वर करून, तोंड उघडं ठेवून तिच्याखाली पळायला लागले, तिला झेलायला. झेलली. परत फेकली. मग ड्रायव्हरने एकदा मागितली. मग त्या हसणाऱ्या सहकाऱ्यांनी. मोर टेबलावर पिसारा उघडून उभा होता. तो मिटायचंही कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शेवटी मीच मिटला.

त्या दिवशी परत जाताना मी मंदाला विचारलं, "माजो मोर कसो होतो? खरा सांग."

 तिच्या वहाणा फटफट वाजत होत्या. "बरो होतो गो. लय बरो. पण तेका घेवन करूचा काय? बघूचा आणि ठेवचा."

मला तिने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. आणि तिने ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. मी विचारलं होतं, तिने सांगितलं.

मुंबईला एकाच माणसाला जाता येणार होतं. मंदा सरांना म्हणाली, "शालूक धाडा. माका थंय शुद्ध मराठीत बोलाक लावतले." सरांनी मला बाजूला बोलावलं. ते संकोचले होते. "शालिनीबाई, तुम्ही जायला माझी काहीच हरकत नाही. पण तिथे कोणीतरी दिवसभर ती फेकून दाखवायला हवी. माणसं जमवायला हवीत. तुम्ही कराल?"

मी त्या गर्दीत उभी राहून म्हातारी फेकते आहे आणि अनोळखी माणसांना "धरा!" म्हणते आहे, असं डोळ्यांसमोर आणून बघितलं. "नाही," मी म्हटलं. "मंदालाच पाठवा."

मंदा गेली आणि मुंबई जिंकून आली म्हणायची. तिच्या स्टॉलपुढे पोलीस उभा करावा लागला, असं ती सांगायची. त्यातलं किती खरं होतं देव जाणे. माझ्यासाठी तिने खारीच्या केसांचे कुंचले आणले होते, मला वाडीत कधी मिळाले नसते असे. दारातूनच पुडकं फेकलं. मी झेललं. इतक्या वर्षांत मला झेलता यायला लागलं होतं.

प्रदर्शनातून एका मोठ्या खेळणीवाल्याची मागणी आली. पण त्याला हव्या होत्या तेवढ्या म्हाताऱ्या आम्ही सगळे मिळून जन्मभर कातल्या आणि रंगवल्या असत्या तरी पुऱ्या झाल्या नसत्या. तो व्यवहार तिथेच संपला. वर्षभराने आचऱ्याच्या बाजूला एका जत्रेला मंदाने मला आणि आईला बोलावलं. जत्रेतल्या एका दुकानात दोरीवर प्लास्टिकचे छोटे हिरवे सैनिक टांगले होते. प्रत्येकाच्या पाठीला पातळ पिशवीसारखं कापड. पोरं ती गुंडाळून वर फेकत होती आणि सगळ्या मैदानावर सैनिक उतरत होते.

मी ते मंदाच्या आधी पाहिलं. आणि मला हलकं वाटलं. लपवून काय उपयोग? आता हिचंही मोरासारखंच झालं, असं मनात आलं. मी मुद्दाम तिला त्या दुकानापर्यंत जाऊ दिलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तिने एक सैनिक विकत घेतला. दुकानामागच्या मोकळ्या जागेत जाऊन गुंडाळला आणि फेकला. तो वर गेला, उघडला, खाली आला. "आयशप्पथ!" ती म्हणाली. "काय हलको आसा गो! हेका टोपली नको, काय नको. नुसतो गुंडाळूचो आणि फेकूचो. मगे आम्ही येवढा सगळा कित्याक केला?" आणि हसायला लागली.

"मंदा, तुजा चोरल्यानी तेंनी," मी म्हटलं. माझाच आवाज चढला होता.

"माजा खंय? टोपली तुजी, बूड मेस्त्रीचा."

"तुका राग येणा नाय?"

ती थांबली. तिने खरोखर विचार केला, मनात शोधून बघितल्यासारखा. मग म्हणाली, "राग इलो असतो. पण बरा उघडता गो ता." आणि सैनिक आईकडे फेकला. आईने झेलला, पदर खोचला आणि वर फेकला. त्या दोघी बराच वेळ फेकत होत्या. मी तिघींच्या पिशव्या धरून उभी होते.

तिचं खेळणं, तिचं हसणं, तिच्याभोवतीची माणसं, या सगळ्याचा मत्सर मी इतकी वर्षं पोसला होता. त्या मैदानात उभी असताना मात्र मला वाटलं, यातलं काहीच माझ्याकडे नसेना का. तिच्यात जे नाही, ते माझ्यात नसतं तर पुरे होतं.

पुढे केंद्र दुसऱ्या संस्थेत विलीन झालं. पेडणेकर सर निवृत्त झाले. मंदाची वहिनी वारली आणि भावाचं घर सांभाळायला ती आचऱ्याला कायमची निघून गेली. मला वाटलं, आता सुटले. तोच आईने अंथरूण धरलं. मंदाला कोणी कळवलं कोण जाणे, पण ती एसटीने यायला लागली. मालवणला गाडी बदलून, हातात माशांची पिशवी घेऊन. मी आईचं सगळं करायची. औषधं, आंघोळ, चादरी. मी स्वयंपाकघरात पेज ढवळत असायची आणि आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. आईचं हसणं शेवटी शेवटी फार बारीक झालं होतं, पण होतं. मी आत गेले की आई म्हणायची, "शालू, तू दमलंस, पड जरा." मला ती कधी हसून दाखवायची नाही. माझ्यापुढे ती आजारी असायची. मंदापुढे नसायची.

आई गेली त्या दिवशी मंदा आली आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडली. लोक तिचं सांत्वन करत होते.

त्यानंतर आमची गाठ पडली नाही. मी टाळलीच म्हणा. आई गेल्यावर काही वर्षांनी मी नात्यातल्या एका लग्नाला एसटीने निघाले होते. गाडी आचऱ्याच्या अलीकडे आली आणि एकाएकी मंद झाली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, परत वाजवला. पुढचे लोक उठून उभे राहिले. रस्त्याच्या मधोमध सायकलवर एक बाई होती. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, कोपरं बाहेर काढलेली, मान ताठ. सायकल नागमोडी चालली होती. डावीकडे जायची, उजवीकडे यायची. केस बरेच पिकले होते, पण पाठ मी ओळखली.

"बाये, कडेक घे!" कोणीतरी ओरडलं.

"कडेक घेवक येणा नाय!" सायकलवरून उत्तर आलं.

गाडीतले लोक हसले. ड्रायव्हरही हसला. त्याने भोंग्यावरून हात काढला आणि तिच्यामागून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने आणायला लागला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "बाये, पुढे बघ!" "पायडल मार गो, पायडल!" कंडक्टर फुटबोर्डवर उभा राहून सूचना द्यायला लागला. कोणालाच पुढे जायची घाई उरली नाही.

मग उतार लागला. मंदाने पायडलवरून दोन्ही पाय उचलले आणि ते बाजूला पसरून ती सुसाट निघाली. गाडीत एकच आरडाओरडा झाला. मीही उठले होते. खिडकीची दांडी धरून मी ओरडले, "मंदा!"

इतक्या गोंगाटात तिला कोणाची हाक ते कळलं असेल, असं वाटत नाही. तिने मागे न बघता एक हात सोडून वर केला आणि त्याच क्षणी सायकल रस्ता सोडून खालच्या मळ्यात गेली. भात कापून नेलेलं होतं. ती चिखलात बसलेली दिसली, सायकल अंगावर, आणि सगळ्या गाडीपेक्षा मोठ्याने हसत होती.

लागलं नाही ना, असं ड्रायव्हरने विचारलं. तिने हाताने "जा, जा" केलं. गाडी पुढे निघाली. मी मागच्या काचेतून बघत होते. ती उठली, पदराने हँडल पुसलं आणि सायकल ढकलत रस्त्यावर आणायला लागली.

शेजारच्या बाईने मला विचारलं, "तुमच्या वळखीची?"

"व्हय."

"मगे, येता काय तिका सायकल?"

"नाय," मी म्हटलं. "पण येतली."